हुक्की येते, टूम काढतात

‘हुक्की’ हा शब्द घालून एक नकारार्थी वाक्य करून पाहा. ‘त्याला आज गाण्याची हुक्की आली नाही.’ व्याकरणाच्या पुस्तकात या वाक्यावर बोट ठेवता येणार नाही, पण कान अडखळतो. ‘त्याला आज गाण्याची लहर लागली नाही’ म्हणा, काहीच खटकत नाही. ‘लहर असली तर येईन’ चालते, ‘हुक्की असली तर येईन’ चालत नाही. रात्री साडेअकराला कुणी कपाट आवरायला काढले की घरचे विचारतात, ‘आता ही काय हुक्की आली?’ त्याच माणसाबद्दल ‘लहरी आहे’ म्हटले, तर ते त्या रात्रीपुरते राहत नाही, स्वभावावर जाते.

म्हणजे हुक्की कळते ती कृती सुरू झाल्यावरच. मनात येऊन विरून गेलेल्या इच्छेला आपण हुक्की म्हणत नाही. म्हणून तिला नकार सोसत नाही. तिला ओसरण्याचे क्रियापदही नाही. लहर ओसरते, वेड कमी होते, खूळ डोक्यातून जाते, भूत उतरते. हुक्की फक्त येते. काम उरकले की संपली. इतके सगळे एका शब्दाबद्दल खरे आहे आणि मराठी बोलणारे दहा वर्षांचे पोरही ते न चुकता पाळते. पण हाताशी असलेल्या छोट्या शब्दकोशांत, मोबाइलवरच्या शब्दसूचींत यातले बहुधा काही सापडत नाही. तिथे हुक्कीपुढे ‘लहर’ असते, लहरीपुढे ‘हुक्की, तरंग, छंद’, आणि तरंगापुढे पुन्हा ‘लहर’. तीन दारांची खोली, प्रत्येक दार दुसऱ्या दारात उघडणारे.

आमचे म्हणणे असे की हा फक्त भाषाप्रेमींचा खेळ नाही. अचानक उपजणाऱ्या इच्छेसाठी मराठीत डझनावारी शब्द आहेत. त्यांत कोण जबाबदार, कोण निर्दोष, कुणाची इच्छा भागवायची आणि कुणाची जिरवायची, याचा निवाडा नाम करत नाही. नामासोबत येणारे क्रियापद करते. शब्दकोशांनी ते क्रियापद नोंदवायचे सोडले. बातम्या, अर्ज आणि भाषांतरे यांतही ते सैल झाले, आणि त्यासोबत जबाबदारी सैल झाली.

आधी मूळ पाहू. संस्कृतात ‘लहरी’ म्हणजे पाण्याची लाट. जगन्नाथ पंडिताच्या सतराव्या शतकातल्या ‘गंगालहरी’त हाच अर्थ. ‘तरंग’ म्हणजेही लाट. ‘ऊर्मी’ म्हणजेही लाटच. आणि अरबीतून फारसीमार्गे आलेली ‘मौज’, तीही मुळात लाट. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या चार लाटा मराठीत मनाच्या हालचालींना लागल्या. पण एकाच पायरीवर बसल्या नाहीत. ऊर्मी कवीला येते, क्रांतिकारकाला येते. ती ‘दाटून येते’, ‘उसळते’, आणि बहुधा ‘सर्जनाची’ असते. तरंग मनात उठतात आणि उठून काहीच होत नाही. ‘तरंगी’ माणसाकडून कामाची अपेक्षा नसते. मौज लाटेचा अर्थ पार विसरली आणि गंमत होऊन बसली, जरी ‘मौजेखातर’ म्हणताना जुनी छटा डोकावते. लहर मधे राहिली: ऊर्मीइतकी प्रतिष्ठित नाही, तरंगाइतकी निष्फळ नाही.

गंमत म्हणजे ‘लाट’ हा रोजचा मराठी शब्द यात आलाच नाही. एका माणसाला लाट येत नाही. लाट उष्णतेची, थंडीची, निवडणुकीतली, साथीची. ती माणसांवरून जाते, माणसात उठत नाही. लहर एकाची, लाट सगळ्यांची. हा भेद कुणी शिकवलेला नाही आणि कुणी चुकतही नाही.

आता क्रियापदांकडे. मराठीत या शब्दांचा एक मोठा गट ‘ला’ प्रत्ययाने चालतो: मला हुक्की आली, त्याला लहर लागली, तिला सुरसुरी आली, पोराला वेड लागले. वाक्याचा कर्ता इथे माणूस नाही. हुक्की कर्ता आहे, माणूस तिच्या वाटेत उभा होता एवढेच. ताप येतो तशी लहर येते. ‘मी लहर केली’ असे कुणी म्हणत नाही. त्यामुळे या वाक्यरचनेत माणसाला आपोआप सूट मिळते, आणि घरात, मित्रांत ही सूट हवीच असते. मध्यरात्री कपाट आवरणाऱ्याला जाब कोण विचारणार?

दुसरा गट ‘ने’ प्रत्ययाचा आहे. त्याने हट्ट धरला, तिने चाळे केले, साहेबांनी टूम काढली, त्यांनी मनमानी केली. इथे माणूस कर्ता आहे आणि केलेले त्याच्या अंगावर आहे. ‘साहेबांना मनमानी आली’ हे वाक्य मराठीत होऊच शकत नाही. हट्ट तर ‘धरावा’ लागतो, हाताने धरल्यासारखा. तो सोडताही येतो, म्हणून हट्ट करणाऱ्याला ‘सोड’ म्हणता येते. लहर लागलेल्याला ‘सोड’ म्हणून उपयोग नसतो.

या दोन टोकांच्या मधली वस्ती जास्त रंजक आहे. खूळ घ्या. खूळ ‘डोक्यात शिरते’, पण त्याहून अधिक वेळा ते कुणीतरी ‘भरवलेले’ असते. ‘हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?’ या प्रश्नात समोरचा अर्धा सुटला आणि एक अदृश्य तिसरा गुन्हेगार ठरला. खूळ बाहेरून आलेले असल्याने ते ‘काढून टाक’ असेही सांगता येते. खुमखुमीचे आणखी वेगळे. ती अंगात असते: भांडणाची खुमखुमी, युद्धाची खुमखुमी, निवडणूक लढवायची खुमखुमी. ती स्वतःहून जात नाही. दुसऱ्याने ‘जिरवावी’ लागते. रगही अशीच जिरते. म्हणून ‘खुमखुमी’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला पुढच्या मारामारीची चाहूल लागते, आणि राजकीय भाषणांत तो धमकीसाठी वापरला जातो तो याच बळावर. उबळ ही खोकल्याची, तशी बोलण्याची; ती दाबता येते. सुरसुरीही दाबता येते. हौस मात्र दाबत नाहीत, ‘मारतात’. आणि मारली नाही तर ती ‘भागते’ किंवा ‘फिटते’, जणू कर्ज असावे.

टूम हा यातला सर्वांत सार्वजनिक शब्द, आणि आमच्या मते सर्वांत कमी लक्ष दिलेला. टूम एकाच्या डोक्यातून निघते आणि काम दुसऱ्यांच्या अंगावर पडते. नवे नमुने, नवी हजेरी, दर महिन्याला वेगळ्या रकान्यांचा तक्ता: कर्मचारी म्हणतात, ‘वरून नवीन टूम निघाली.’ टूम नेहमी दुसऱ्याची असते. स्वतःच्या योजनेला कुणी टूम म्हणत नाही, म्हटलेच तर डोळा मिचकावून. ‘निघाली’ आणि ‘काढली’ यांत फरक आहे तो पाहा. ‘टूम निघाली’मध्ये काढणारा झाकलेला आहे, ‘टूम काढली’मध्ये त्याचे नाव सांगावे लागते. कचेरीत दबक्या आवाजात ‘निघाली’ म्हणतात, चहाच्या टपरीवर ‘काढली’.

आणि मर्जी. अरबीतून आलेला हा शब्द मराठीत नोकराला कधीच मिळाला नाही. मर्जी साहेबांची, सासूबाईंची, देवाची. ती ‘राखावी’ लागते, ‘सांभाळावी’ लागते, ती ‘फिरते’, ‘खप्पा होते’. तिच्यातल्या माणसाला ‘मर्जीतला’ म्हणतात. लहर गरिबालाही लागते, मर्जी लागायला खुर्ची लागते.

इथे एक कडवट निरीक्षण नोंदवायला हवे. एकाच वागण्याला आपण माणूस पाहून शब्द देतो. श्रीमंताने दुपारी अचानक गाडी काढून दोनशे किलोमीटरवर जेवायला जाणे हा ‘शौक’, चित्रकाराने तेच केले तर ‘लहर’, पोराने केले तर ‘खूळ’, आणि उसनवारीवर जगणाऱ्याने केले तर ‘भिकेचे डोहाळे’. बाईने केले की ‘थेरं’ किंवा ‘नखरे’ तयारच असतात. शब्दकोश हे शब्द एकमेकांपुढे समानार्थी म्हणून मांडतो तेव्हा तो हा सगळा हिशोब झाकून टाकतो. नवख्याला वाटते, यातला कोणताही उचलावा. उचलून बघा आणि सासूबाईंच्या मर्जीला थेरं म्हणा.

डोहाळ्यांचा उल्लेख आलाच आहे. संस्कृत ‘दौहृद’वरून, म्हणजे दोन हृदये असलेली, अशी या शब्दाची पारंपरिक फोड आहे, इच्छा एकीची नसून दोघांची आहे, हा त्यामागचा विचार. म्हणून अचानक उपजणाऱ्या सगळ्या इच्छांपैकी हीच एक अशी की जी ‘पुरवणे’ हे घरच्यांचे कर्तव्य मानले गेले. पण कर्तव्याच्या या गोड शब्दाखाली एक खोट लपते. गरोदरपणी माती, खडू, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे याला ‘डोहाळे’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. अखाद्य वस्तू खाण्याच्या या ओढीचा संबंध अनेकदा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो. हिमोग्लोबिन तपासायला हवे, आणि ते ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर गरोदर स्त्रीला रक्तक्षय आहे असे धरतात. लहर म्हटले की कारण शोधणे थांबते. डोहाळे म्हटले की कौतुक सुरू होते आणि तरीही कारण शोधणे थांबतेच.

कारण शोधणे थांबवण्याचे हेच काम ‘लहरी’ हा शब्द सार्वजनिक लेखनात अव्याहत करतो. ‘लहरी पाऊस’, ‘निसर्गाचा लहरीपणा’, ‘लहरी हवामानाचा फटका’. जून उजाडला की हे शब्द छापखान्यात तयार असतात. पावसाला मन नाही, म्हणजे लहर असायचे कारण नाही, हा आक्षेप पोरकट होईल. भाषेत असे चालते. आक्षेप वेगळा आहे. पावसाबद्दल बोलायला शेतकऱ्याकडे याहून कितीतरी नेमकी क्रियापदे आहेत आणि बातमीत ती येत नाहीत. पाऊस ‘ओढ देतो’ म्हणजे यायचा तेव्हा न येता लांबतो. ‘हुलकावणी देतो’ म्हणजे आभाळ भरून येते आणि न बरसता निघून जाते. ‘दडी मारतो’ म्हणजे सुरू होऊन बेपत्ता होतो. ‘उघडीप देतो’ म्हणजे थांबतो, पण ती थांबण्याची वेळ हवीहवीशी असते, कारण खुरपणी आणि फवारणी तेव्हाच उरकते. ‘झड लागते’ म्हणजे दिवसचे दिवस बारीक धार तुटत नाही. या पाचही गोष्टींचा पिकावर होणारा परिणाम वेगळा आणि उपायही वेगळे. दडी मारली तर दुबार पेरणी. झड लागली तर मुळाशी पाणी साचून पीक पिवळे पडणे. ‘लहरी’ या एका शब्दात पाचही बुडतात.

शिवाय सरकारी कामकाजात या गोष्टींना आकडे आहेत. हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्के पाऊस म्हणजे सरासरीइतका. उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट. उणे ६० ते उणे ९९ म्हणजे मोठी तूट. २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पीक विम्याच्या बोलण्यात ‘२१ दिवसांचा खंड’ हा शब्दप्रयोग बांधावर पोचलेला आहे. बातमीत ‘पावसाचा लहरीपणा’ लिहिले तर शेतकऱ्याला काही मिळत नाही. ‘अमुक मंडळात सलग २१ दिवस खंड’ लिहिले तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, की मग पंचनामा झाला का? लहर म्हटल्याने निसर्गाची बदनामी होते ही किरकोळ गोष्ट. धरणाचे आवर्तन कुणी लांबवले, नाला कुणी बुजवला, याही गोष्टी निसर्गाच्या खात्यावर जमा होतात, ही मोठी.

राज्यकर्त्यांच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. निर्णय फसला की ‘लहर’ किंवा ‘तुघलकी’. महंमद तुघलक मराठीत ‘वेडा महंमद’ आणि ‘लहरी महंमद’ या दोन्ही नावांनी ओळखला जातो. त्याने १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. पुढच्या काही वर्षांत चांदीच्या नाण्याच्या किमतीचे तांब्या-पितळेचे नाणे काढले. दोन्ही गोष्टी आपटल्या. पण दक्षिणेत पसरलेले राज्य मध्यवर्ती ठिकाणाहून चालवावे आणि चांदीची चणचण दुसऱ्या धातूने भागवावी, या दोन्हींमागे हिशोब होता. नाणे फसले ते लहरीमुळे नाही. कुणालाही घरी पाडता येईल असे नाणे काढले आणि नकली नाणी रोखायची सोय केली नाही म्हणून. ‘वेडा’ म्हटले की हा तपशील शिकायची गरज उरत नाही, आणि मग तीच चूक दुसऱ्या कुणाला करता येते.

तेव्हा लहर हा शब्द सार्वजनिक लेखनातून हद्दपार करायचा का? मुळीच नाही. तो कुठे लागू आहे हे कायद्याने बरेच नेमके सांगितले आहे. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ई. पी. रोयप्पा विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की समानता आणि मनमानी या हाडवैरिणी आहेत. पहिली प्रजासत्ताकातल्या कायद्याच्या राज्याची, दुसरी निरंकुश राजाच्या लहरीची. तेव्हापासून संविधानाच्या अनुच्छेद १४ खाली मनमानी हीच समानतेचा भंग ठरते. निकालाच्या मूळ इंग्रजीत लहरीसाठी दोन शब्द जोडीने आले आहेत. मराठीत भाषांतर करणारा तिथे बहुधा ‘लहर व लहरीपणा’ असे काहीतरी लिहून मोकळा होईल. खरी मराठी जोडी ‘लहर आणि मर्जी’ ही आहे. एकात अचानकपणा येतो आणि दुसरीत सत्ता, आणि निरंकुश राजा म्हटला की दोन्ही हव्यात.

याचा व्यवहारातला उपयोग साधा आहे. ‘अधिकारी लहरीप्रमाणे वागतात’ हे वाक्य असलेला तक्रारअर्ज दाखल होतो आणि निकालात निघतो. लहरीप्रमाणे वागणे हा स्वभाव झाला, आणि स्वभावाला कलम नाही. तेच ‘अमुक तारखेला अमुक अर्ज कारण न देता नाकारला आणि त्याच नियमाखाली तमुक अर्ज मंजूर केला’ असे लिहिले की ते मनमानीच्या व्याख्येत बसते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. फाइलवरच्या टिपण्याही मागता येतात. टिपणीत कारण असेल तर तो निर्णय चूक असेल, वाईट असेल, पण लहर नाही. टिपणी कोरी असेल तर ती लहर, आणि तिथे हा शब्द हक्काने वापरावा, ‘ने’ प्रत्यय लावून, नावासह.

आता कोशाकडे परत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात नामाच्या अर्थानंतर एक लहानशी खूण येते आणि तिच्यापुढे त्या नामाची क्रियापदे: ये, लाग, कर, घाल, धर. त्या क्रियापदाबरोबर षष्ठी येते की आणखी काही, हेही अनेक ठिकाणी दिलेले. हा कोश परक्या माणसाने परक्यांसाठी केला, म्हणून त्याला हे सुचले. आपल्याला येत असलेली गोष्ट आपण नोंदवत नाही. पुढे दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे ७ खंड काढले, आणि १९४२ व १९४७ साली दोन भागांत महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. म्हणजे पाया घातलेला आहे. भाषा संचालनालय ६ जुलै १९६०ला स्थापन झाले आणि त्याने परिभाषा कोशांचे मोठे काम केले. पण परिभाषा म्हणजे नामांचा संसार. अभियंत्याला, डॉक्टरला, वकिलाला नाम मिळाले. बोलणाऱ्याचे क्रियापद ऐंशी वर्षांपूर्वीच्या पुस्तकात राहिले.

‘मराठी माणसाला हे सगळे येतेच, कोश कशाला?’ हा प्रश्न रास्त होता, जोवर मराठी फक्त मराठी माणूस शिकत होता. २०२०च्या अधिनियमाने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्या वर्गांत बसलेल्या, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला ‘लहर’चा अर्थ सांगून भागत नाही. तो ‘मी लहर केली’ लिहिणार, गुण कापले जाणार, आणि का कापले हे कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिजात म्हटले की निधी प्राचीन पोथ्यांकडे वळतो. वळू दे. पण त्यातला एक वाटा क्रियापदांना मिळावा, ही मागणी.

असा कोश करायचा म्हणजे काय, ते एका नोंदीवरून दाखवता येईल. ‘लहर’ घेऊ. प्रथम वाक्ये गोळा करावी लागतात. एका शब्दासाठी दोनशे वाक्ये हा कामापुरता आकडा आहे. त्याखाली दुर्मीळ क्रियापदे सुटतात. ती एकाच ठिकाणची नकोत: वर्तमानपत्र, कथा, नाटक, पत्रव्यवहार, प्रत्यक्ष बोलणे, आणि बोलण्यात कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ वेगवेगळे. इथेच पहिली माती खाल्ली जाते. संगणकाला ‘लहर’ शोधायला सांगितले तर तो ‘लहरीवर’, ‘लहरीने’, ‘लहरीखातर’ सोडून देतो किंवा ‘लहरी’ या वेगळ्या शब्दात टाकतो. मराठीत ‘लहरी’ तीन आहेत: लहरचे अनेकवचन आणि सामान्यरूप, ‘लहरी माणूस’मधले विशेषण, आणि ध्वनिलहरी, स्वरलहरीमधली भौतिक लाट. ही वर्गवारी माणसाने हाताने करावी लागते. यंत्रावर सोडली की कोशात रेडिओची लहर आणि साहेबांची लहर शेजारी येते. ‘तऱ्हेवाईक’ शोधताना आणखी एक फास: ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात; शोध एकच पकडतो. आधी सगळा मजकूर एका प्रकारात बदलून घेतला नाही, तर निम्मी वाक्ये हातची जातात आणि गेली हे कळतही नाही.

मग वाक्ये क्रियापदानुसार लावायची: येते, लागते, असते, फिरते, ओसरते. प्रत्येकाखाली पाहायचे की लहर कुणाची आहे, ‘ला’ने आली की ‘ची’ने, ‘गाण्याची लहर’सारखे ‘-ण्याची’ रूप मागते का, नकार चालतो का, अनेकवचन चालते का, बोलणारा स्वतःबद्दल म्हणतो की फक्त दुसऱ्याबद्दल. ‘लहर फिरली’ हे जवळजवळ नेहमी दुसऱ्याबद्दल आणि वरच्या माणसाबद्दल असते. ‘माझी लहर फिरली’ म्हणणारा एक तर राजा असतो किंवा थट्टा करत असतो. ही ओळ नोंदीत आली पाहिजे. शेवटी ‘असे म्हणत नाहीत’ असा एक रकाना: लहर करणे, लहर घेणे, लहर जिरणे. शिकणाऱ्याला या रकान्याचा उपयोग बाकी सगळ्यापेक्षा अधिक होतो आणि नेमका तोच जागा वाचवण्यासाठी कापला जातो.

या कामाला घाई आहे ती परक्या नामांमुळे नाही. ‘मूड’ हा शब्द इंग्रजीतून आला म्हणून हळहळणाऱ्यांत आम्ही नाही. मराठीने त्याला घरचीच क्रियापदे दिली: मूड लागतो, जशी लहर लागते, समाधी लागते, तंद्री लागते. इंग्रजीत मूड ‘लागत’ नाही. नाम कुठूनही येऊ दे, क्रियापद इथले मिळाले की ते रुळते. गळती दुसरीकडे आहे. ‘फिरायला जायचं मन करतंय’ हे वाक्य आता शहरांत सर्रास ऐकू येते. यातले प्रत्येक नाम मराठी आहे आणि वाक्य हिंदी आहे. मराठीत ‘जावंसं वाटतं’, फार तर ‘मन होतं’. ‘सनकी’चेही तसेच. मराठीत ‘सणक’ म्हणजे जोराची कळ आणि तिच्यासारखाच डोक्यात जाणारा संताप. हिंदी ‘सनक’ म्हणजे खूळ. बातमीत ‘सनकी हुकूमशहा’ छापला जातो तेव्हा वाचणारा थोडा रागीट समजतो, थोडा वेडा, आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते कळत नाही. विक्षिप्त, तऱ्हेवाईक, चक्रम, माथेफिरू हे चारही शब्द शेजारी बसलेले होते, चौघांचे अर्थ निराळे.

कोशाने इथे पोलिसाची काठी उचलू नये. ‘मूड’च्या नोंदीत आज निदान सहा क्रियापदे लिहावी लागतील: येतो, लागतो, असतो, जातो, बिघडतो आणि बनतो. शेवटच्यापुढे ‘हिंदीवरून, मुख्यतः शहरी, तरुणांच्या बोलण्यात’ एवढी खूण करावी, शेजारी ‘लागतो’कडे बाण दाखवावा, आणि ते वगळू नये.